उल्लेखनीय कार्य, शंभर शब्दांत

जानेवारीत आस्थापनेचं परिपत्रक आलं. वर्धापनदिनाला गुणवंत शिक्षकेतर कर्मचारी पुरस्कार द्यायचे आहेत, विभागप्रमुखांनी नावं कळवावीत, मुदत चार दिवस. (परिपत्रक निघाल्यापासून चार दिवस. माझ्या टेबलावर ते तिसऱ्या दिवशी पोचलं.) सोबत तीन पानी नमुना. नाव, पदनाम, रुजू झाल्याचा दिनांक, गोपनीय अहवालाची प्रतवारी, राबवलेले नवोपक्रम, मिळालेली प्रमाणपत्रं, छायाचित्रं जोडावीत. आणि रकाना क्रमांक नऊ: उल्लेखनीय कार्य, शंभर शब्दांत.

नाव शोधायची गरज नव्हती. आमच्या इमारतीची वीज गेली चोवीस वर्षं ज्यांच्या हातात होती, ते वायरमन मामा मेअखेर निवृत्त होणार होते. बाकीचे रकाने मी भराभर भरले आणि नवव्यापाशी अडले. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. एखाद्या झाडाचं वर्णन शंभर शब्दांत करायला सांगा, पानाच्या कडेपासून बीपर्यंत करून देते. पण ‘चोवीस वर्षं काही बिघडू दिलं नाही’ हे शंभर शब्दांत कसं लिहायचं?

पुरावा हवा म्हणून तक्रारवही मागवली. मला हवी असलेली नोंद जुलै २०१८ मधली. मामांच्या तिरक्या अक्षरात होती ती अशी: ‘वनस्पती विभाग. सप्लाय बंद होता. चालू केला. ओके.’

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

शनिवार होता, दुपारचे साडेतीन, बाहेर धो धो पाऊस. मामा आमच्या कॉरिडॉरमध्ये शिडीवर चढून पंख्याचा कपॅसिटर बदलत होते. कॉरिडॉरच्या टोकाला स्टोअर आहे, तिथं साठचा एक जुना पिवळा बल्ब. तो एकदम पांढराफटक झाला. मला वाटलं, कुणीतरी बल्ब बदलला. मामांनी मान वळवून तो पाहिला आणि शिडीवरून उतरले म्हणण्यापेक्षा सुटले. जिन्याखालच्या मेन स्विचकडे पळताना ओरडत होते, “हात लावू नका कशाला, काही चालू करू नका!” खट्टकन आवाज आला आणि इमारत अंधारात गेली. तेवढ्या अवधीत ऑफिसचा एक कॉम्प्युटर आणि दोन ट्यूबचे चोक गेले होते. पॅनेलचं झाकण उघडलं तसा जळक्या बॅकेलाइटचा वास जिनाभर पसरला. न्यूट्रलचा बोल्ट ढिला होऊन त्याखालची लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी, काळी ठिक्कर पडली होती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी, मामांच्याच शब्दांत: “न्यूट्रल म्हणजे घरातली म्हातारी, मॅडम. ती आहे तोवर तिघा भावांना सारखं वाढते. ती उठली की ज्याच्यावर ओझं कमी, त्याच्या ताटात जास्त पडतं.” इमारतीत वीज तीन तारांनी येते, त्या तीन फेज; न्यूट्रल ही तिघींची परतीची सामाईक तार. प्रत्येक फेजवर २३० व्होल्ट हवेत. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी तिथं ते तीनशेच्या वर जाऊ शकतात आणि जिथं भार जास्त तिथं दिवे मिणमिणतात. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकाम्या. भार कमी असलेल्या फेजवर आमचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर होता.

त्या फ्रीझरमध्ये कारवी होती. सह्याद्रीतली कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये. त्या २०१६ च्या कळ्या वनखात्याची परवानगी काढून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून आम्ही आणल्या होत्या. फुलायची वेळ झाली हे झाडाला कसं कळतं, याचा मागमूस त्या कळ्यांच्या आरएनएमध्ये काढायचा होता. पेशीत कुठली जनुकं चालू आहेत हे आरएनए या रेणूवरून कळतं, पण तो फार नाजूक. नमुने वितळले असते तर पुढचा बहर २०२४ ला. माझ्या विद्यार्थिनीची फेलोशिप २०२० ला संपत होती.

मी फ्रीझरकडे धावले आणि दाराला हात घातला. मामांनी मागून हाक मारली, “उघडायचं नाही. बघायला म्हणूनसुद्धा नाही.” नंतर त्यांनी त्या दारावर कागदच चिकटवला, ‘लाइट गेल्यावर उघडू नये’. तो अजून आहे.

स्टोअरकीपर गावाला गेलेले, किल्ली त्यांच्याकडे. लग मामांच्या स्कूटरच्या डिकीत निघाली, कुठल्या तरी जुन्या कामातली उरलेली. पण ती केबलवर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल स्टोअरमध्ये. मग मामांनी आधी भौतिकशास्त्राच्या पॅनेलमधून जाड केबल ओढली, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, पावसात, प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधून. साडेआठला फ्रीझर सुरू झाला तेव्हा बॅटरीवर चालणारा आकडा उणे अठ्ठावन्नला आला होता. मी पाच तास त्या आकड्याकडे बघत बसले होते. माझा तेवढाच उपयोग. क्रिंपिंग टूल त्यांनी गेटसमोरच्या दुकानदाराकडून उसनं आणलं. लग बसली, बोल्ट आवळला, तीनही फेज मीटरनं तपासल्या, रात्रीचे अकरा वाजले. वहीत लिहिलं: ओके.

कळ्या वाचल्या. प्रबंध झाला, शोधनिबंध छापून आला. शेवटी ऋणनिर्देश असतो. त्यात आम्ही निधी देणाऱ्या संस्थेचे, वनखात्याचे, नाव न कळलेल्या दोन परीक्षकांचे आभार मानले. मामा नाहीत. मुद्दाम वगळले असं नाही, सुचलंच नाही. प्रबंधांतले ऋणनिर्देश कधी वाचलेत? मार्गदर्शक अर्धं पान, आई-वडील सहा ओळी, नवरा किंवा बायको, मित्रमंडळी टोपणनावांसकट, आणि सगळ्यात शेवटी ‘तसेच सर्व शिक्षकेतर कर्मचारी’. माझ्या स्वतःच्या प्रबंधातही हेच वाक्य आहे, काढून पाहिलं.

तर नवव्या रकान्यात मी हा सगळा प्रसंग लिहिला. कापून कापून अठ्ठ्याण्णव शब्दांत बसवला आणि मोठ्या हौसेनं मामांना वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, हे पाठवू नका.”

“का?”

“बोल्ट ढिला राहिला कसा, हे पहिल्यांदा विचारतील. पॅनेल कुणाकडं होतं? माझ्याकडंच.”

मी गप्प. वर्षानुवर्षं माणसांची मागणी करूनही एकच वायरमन चार इमारती सांभाळत होता. त्या उन्हाळ्यात पॅनेलची आवळाआवळ राहिली, कारण परीक्षांच्या जनरेटरवर त्यांना बसवलं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं. पण फॉर्ममध्ये त्यालाही रकाना नाही. बिघाड होऊ दिला नाही तर दिसत नाही, झालेला निस्तरला तर आधी बिघाड दिसतो.

“मग काय लिहू?”

“लिहा, तक्रार नाही.”

शेवटी मी काहीतरी गुळमुळीत लिहिलं. ‘तत्पर’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘सदैव तयार’. नवोपक्रमांच्या रकान्यात शून्य, छायाचित्र ओळखपत्राचं. पुरस्कार परीक्षा विभागातल्या एका लिपिकाला मिळाला. निकाल वेळेत लावायला त्यांनीही रात्री काढल्या होत्या, त्यामुळे तक्रार नाही.

दुसरं नाव मला पाठवताच आलं नाही. आमच्या आवारातला रस्ता झाडणाऱ्या मावशी एकोणीस वर्षं तिथंच आहेत, पण नमुन्यात ‘कायम सेवेतील’ असं आहे आणि मावशी ठेकेदाराच्या. ठेकेदार बदलला की ओळखपत्र बदलतं, गणवेशाचा रंग बदलतो, खराटा आणि मावशी त्याच. दर वेळी सेवा पहिल्या दिवसापासून.

माझ्या एका विद्यार्थ्यानं आवारातल्या झाडांच्या पानगळीच्या आणि बहराच्या तारखा टिपायचा प्रकल्प घेतला होता. दोन वर्षांची नोंद त्याची स्वतःची. त्याआधीचं काही मिळेना, तेव्हा मी त्याला मावशींकडे पाठवलं. मावशींना झाडांची नावं थोडी ठाऊक, केर मात्र सगळा पाठ. पिवळा केर चैत्रात, म्हणजे सोनमोहर. पांढरा केर दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे बुच. चिकट केर होळीनंतर, म्हणजे पर्जन्यवृक्षाच्या शेंगा, “त्या चपलेला धरतात, खराट्याला येत नाहीत, हातानं उचलाव्या लागतात.” आणि तारीख नाही तरी वर्ष पक्कं: थोरलीचं लग्न झालं त्या साली बुच गणपतीतच पडायला लागला होता. विद्यार्थ्यानं लग्नपत्रिका मागितली आणि साल टिपून घेतलं. त्याच्या प्रबंधिकेत मावशींचं पूर्ण नाव आहे, पहिल्या परिच्छेदात. गुरूपेक्षा शहाणा निघाला.

२०१४ पासून दर दोन ऑक्टोबरला आमच्याकडं स्वच्छतेचा कार्यक्रम असतो. नवे झाडू येतात, मान्यवर ओळीनं उभे राहतात, फोटो होतात, झाडू परत स्टोअरमध्ये जातात. चहाचे कागदी कप मावशी उचलतात. एकदा मी अमरावतीहून तोंडी परीक्षा घेऊन आले होते आणि बोलता बोलता त्यांना म्हटलं, तिथल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. मावशी थांबल्या. “मग तिथं कुलगुरू झाडतात व्हय?”

पुरस्कार नाही तर निदान विभागातर्फे सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, असं मी फेब्रुवारीत सुचवलं. मावशींनी पदराला हात पुसले. “शाल नको मॅडम. घरी चार पडल्यात. कागद द्या. नवा ठेकेदार विचारतो किती वर्षं केलं, माझ्याकडं दाखवायला काय नाही.”

विभागाच्या लेटरहेडवर लिहून दिलं, २००६ पासून या आवारात काम करतात, कामाबद्दल कधी तक्रार नाही, वगैरे. सही, गोल शिक्का. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी न घालता नेला. त्या कागदाला कायद्यानं किती वजन आहे याबद्दल मला भ्रम नाही. पण या महिन्याला ठेका पुन्हा बदलला आणि चार जणींना नको म्हणाले, त्यांत मावशी नव्हत्या. कागदामुळे की नाही, कोण जाणे.

मामा ३१ मेला निवृत्त झाले, म्हणून आता हे लिहिता येतंय. शेवटच्या आठवड्यात नवा मुलगा त्यांच्या मागे मागे हिंडत होता. कंत्राटी, आयटीआय झालेला, हुशार. ऊर्जाबचतीच्या पाहणीत स्टोअरचा पिवळा बल्ब सापडला होता, ‘एलईडी बसवणे’ असा शेरा होता, आणि मुलगा नवा बल्ब घेऊन आलाच होता. मामांनी त्याला शिडीखाली थांबवलं. “एलईडीला व्होल्टेज वाढलं काय, कमी झालं काय, सारखाच उजेड. तो बोलत नाही. हा बोलतो.”

मुलानं माझ्याकडं पाहिलं. पाहणीचा कागद माझ्या सहीला आलेला होताच. मी त्या ओळीपुढं लिहिलं: ‘विभागप्रमुखांच्या विनंतीवरून आहे तसाच ठेवावा.’