तिसऱ्या नियमासाठी दुसरा काटा

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. शाळा उघडून वह्यांना कव्हरं घालून होतात न होतात तोच पोरांपुढे न्यूटन हजर. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी हा धडा शिकवते. यंदा तो मनाजोगा झाला. पण मधे एका साध्या ताणकाट्यासाठी, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्यासाठी, जे हेलपाटे घालावे लागले, त्यांचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या रागातलंच आहे असं समजून वाचा.

पहिल्या नियमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्गात कॅरम आणला. पावडर न टाकता स्ट्रायकर मारला, मग टाकून मारला. "पावडर याहून भारी असती तर?" "अजून लांब गेला असता." "आणि घर्षण मुळीच नसतं, कडेची लाकडी पट्टीही नसती तर?" इथे वर्ग गप्प होतो, कारण ढकलणं संपलं की वस्तू थांबणारच, ही सगळ्यांची खात्री असते. मग व्हॉयेजर-1 चं सांगायचं. 1977 साली सोडलेलं यान, पुढे ढकलणारं आता कोणी नाही, तरी सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चाललंय. दुसरा नियम, म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, गणितांमुळे मार्गी लागतो. तिथे एकच सांगेन, शंभर ग्रॅमचा बिस्किटांचा पुडा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा. त्याचं वजन साधारण एक न्यूटन. नाहीतर न्यूटन म्हणजे उत्तराच्या शेवटी लिहायचं एक अक्षर, एवढंच पोरांच्या डोक्यात राहतं.

गाडी रुतते ती तिसऱ्या नियमात.

नियम सगळ्यांना पाठ. क्रिया बल आणि प्रतिक्रिया बल समान, दिशा विरुद्ध, झोपेतून उठवून विचारा. मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि एक स्कूटर समोरासमोर धडकले, तर कोणी कोणावर जास्त बल लावलं? जवळजवळ अख्ख्या वर्गाने ट्रॅक्टर लिहिलं. वहीत वर नियम शब्दशः, खाली उत्तर त्याच्या नेमकं उलट. आपल्याच पोरांना हसू नका. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली बलाच्या कल्पना तपासायची एक चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात ट्रक आणि मोटारीच्या धडकेचा असाच प्रश्न आहे. गणितं फटाफट सोडवणारे कॉलेजचे विद्यार्थीही तिथे घसरतात.

तोंडी समजावून पाहिलं. समजा स्कूटर माणसासकट 200 किलो, ट्रॅक्टर-ट्रॉली 20,000 किलो. बल दोघांवर सारखंच, पण वस्तुमान शंभरपट कमी म्हणून स्कूटरला त्वरण शंभरपट. चुरा स्कूटरचा होतो, म्हणून ट्रॅक्टरचं बल जास्त वाटतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी प्रश्न जरा फिरवून विचारला, पुन्हा ट्रॅक्टरच.

हे डोळ्यांनी दाखवायला हवं, आणि त्याला दोन ताणकाटे लागतात. हुकात हुक अडकवायचा, दोघांनी दोन बाजूंनी ओढायचं, आकडे वाचायचे. एका काट्याने काम होत नाही. एक काटा एकाच बाजूचं सांगतो, दुसरी बाजू विश्वासावर घ्यावी लागते, आणि पोरांचा विश्वास तर ट्रॅक्टरवर बसलेला.

प्रयोगशाळेच्या कपाटात चालू काटा एकच होता. बाकीच्यांच्या स्प्रिंगा गंजून आखडलेल्या, काहींचे नुसते हुक उरलेले. ऑफिसात गेले. भाऊसाहेबांनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताणकाटे, नग दहा. दहा असताना नवीन कसे घेणार, मॅडम?"

"गंजलेत सगळे."

"मग निर्लेखन करा."

निर्लेखन म्हणजे मोडक्या वस्तू रजिस्टरातून कमी करणं. त्याला आधी यादी, मग समिती, समितीची सभा, सभेचा ठराव, तो संस्थेकडे, संस्थेची मंजुरी. तेही एकट्या काट्यांचं होत नाही. मोडकी बाकं, फुटकी चंचुपात्रं, सगळ्याचं वर्षाचं एकदम करायचं. तोवर गंजलेले काटे फेकायचे नाहीत, कारण ते रजिस्टरला आहेत. आणि नवे घ्यायचे नाहीत, कारण तेच, ते रजिस्टरला आहेत. मी मागणीपत्र दिलं. ते परत आलं, तीन कोटेशनं जोडा म्हणून. तीन कोटेशनांसाठी सांगलीला जाऊन यायला जेवढं पेट्रोल लागतं तेवढ्या पैशात काटे आले असते. हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात. घटक चाचणी तोंडावर, आणि धडा तिसऱ्या नियमावर येऊन बसलेला.

पुन्हा ऑफिस. या वेळी भाऊसाहेब मवाळ होते. "एक चालू आहे की. दुसरा कशाला?" मी काउंटरवर उभी राहून त्यांना तिसरा नियम समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे दोन्हीवर आकडा सारखाच येणार? मग एकच वाचायचा आणि दोनदा लिहायचा."

शाळेत तिसरा नियम पाठ नसूनही पटलेला माणूस एकच निघाला, आणि तो ऑफिसात बसत होता.

काटे अखेर आले ते शाळेबाहेरून. वर्गातल्या एका मुलाच्या चुलत्यांचं रद्दीचं दुकान आहे. रद्दीवाल्याकडे हुकाचा टांगता काटा असतोच, यांच्याकडे जुना नि नवा असे दोन होते. चहा पाजून त्यांनी दोन्ही दिले, पावती नाही, ठराव नाही. खरं तर हे बरंच झालं. प्रयोगशाळेतले काटे पाच-दहा न्यूटनचे, पोरांनी जोर लावून ओढले की हातात येतील. रद्दीचे काटे पन्नास किलो झेलतात. आकडे किलोत असले तरी बिघडत नाही, दोन्ही काट्यांवर एकच एकक असलं की झालं. न्यूटनच हवे असतील तर 9.8 ने गुणा.

वर्गात ओढाओढी सुरू करण्याआधी, हे अगदी विसरू नका, दोन्ही काट्यांना एकच पाण्याची बादली टांगून पोरांसमोर आकडे जुळवून दाखवा. आणि काटा आडवा धरला की त्याच्या हुकाचं नि पट्टीचं वजन स्प्रिंगवर येत नाही, म्हणून शून्य थोडं सरकतं. ते आडव्यातच बघून ठेवा.

एका बाजूला वर्गातला कबड्डीवाला, दुसऱ्या बाजूला पहिल्या बाकावरची शिडशिडीत मुलगी. दोघांच्या हातात काटे, मधे दोरी. प्रत्येक काट्यापाशी एक वाचणारा. आधी आकडे काय येतील ते सगळ्यांनी वहीत लिहायचं. बहुतेकांनी मुलाचा आकडा जास्त लिहिला. ओढलं. दोन्हीकडे बारा. "मॅडम, काटा बिघडलाय." काटे बदलले. पुन्हा सारखेच. मुलीला म्हटलं, तू ओढू नकोस, नुसती घट्ट उभी राहा. तरी सारखेच. आता वर्ग जागा झाला. एकाने विचारलं, "आकडा सारखा, तर रस्सीखेचमधे कोणी जिंकतं कसं?"

हा प्रश्न पोरांकडून यावा म्हणून एवढा खटाटोप. आपण आधी विचारून टाकू नका, कितीही मोह झाला तरी.

कबड्डीवाल्याला मोजे घालायला लावले आणि गुळगुळीत फरशीवर कॅरमची पावडर सांडली. मुलगी बाहेर व्हरांड्याच्या खडबडीत कोब्यावर अनवाणी. (मुलाच्या मागे दोघंजण उभे करा, आपटायला नको.) ओढायला सांगितलं. तो सरळ घसरत उंबऱ्यापर्यंत आला. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं, आणि काटे वाचणारे दोघं ओरडत होते, सारखेच आहेत, सारखेच आहेत! दोरी दोघांना सारखंच ओढते. जिंकायचं कोणी ते पायाखालची जमीन ठरवते.

मग बैलगाडीचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. गाडी बैलांना तेवढ्याच बलाने मागे ओढते, तर गाडी हलते कशी? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "खूर जमिनीला मागं रेटतोय, जमीन बैलाला पुढं. चिखलात खूर सटकतोय म्हणूनच गाडी निघंना." अशी गाडी ज्याने बाहेर काढली आहे, त्याला जमिनीचं बल समजावावं लागत नाही.

आता गाईडबद्दल. टेबलावरच्या पुस्तकाचं चित्र काढून 'वजन ही क्रिया आणि टेबलाने वर लावलेलं बल ही प्रतिक्रिया' असं छापलेलं मी पाहिलंय, आणि पोरं तेच पेपरात उतरवतात. हे चूक आहे. ती दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. ती संतुलित आहेत, जोडी नाहीत. जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ही एक. पुस्तक टेबलाला खाली दाबतं, टेबल पुस्तकाला वर रेटतं, ही दुसरी. माझ्या वर्गात आता बाण काढला की शेजारी 'कोणी, कोणावर' लिहावंच लागतं, नाहीतर अर्धा गुण कापते. 'कोणी' सापडत नसेल तर बाण खोडायचा. वर फेकलेल्या चेंडूवर सगळी पोरं 'हाताचं बल' म्हणून वर जाणारा बाण काढतात. हात तर केव्हाच सुटलेला! हा नियम खरं तर पहिल्याच तासाला लावायला हवा, म्हणजे पुढे भांडणं वाचतात.

एका हुशार कार्ट्याने विचारलं, अंतराळात हवा नाही, मग रॉकेट कशाला रेटतं? त्याला सांगितलं की 1920 साली न्यूयॉर्क टाइम्सने याच शंकेपायी रॉकेटचे संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची संपादकीयात टिंगल केली होती, आणि चूक कबूल केली ती 1969 च्या जुलैत, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना. रॉकेट स्वतःच्याच वायूला मागे फेकतं, वायू रॉकेटला पुढे. फुगा सोडून दाखवला, पण फुग्याभोवती हवा असते हे त्यानेच मला सुनावलं. बरोबर होतं त्याचं. मग बाकावर 'कोणी, कोणावर' लिहूनच मिटवलं. संवेग अक्षय्यता (बाहेरून बल नसेल तर एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेवढाच राहतो) त्यातून आपोआप निघाली, तिला वेगळं रेटावं लागलं नाही.

निर्लेखनाचा प्रस्ताव संस्थेकडे गेलाय म्हणतात. रजिस्टरला काटे अजून दहाच आहेत. तुम्ही रद्दीवाल्याकडून काटे आणणार असाल तर जून-जुलैतच आणा आणि लवकर परत करा. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की त्याला दोन्ही काटे लागतात.