पहिल्या कटचा हिशेब

गेल्या भाऊबीजेला ताई आणि भाऊजी देवासहून आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आले होते. जेवताना भाऊजींनी सांगितले की, वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आल्यापासून त्यांच्या गाडीचे ॲव्हरेज वीसवरून पंधरावर आले आहे. मग त्यांनी मला विचारले, "तुझी किती देते रे?" माझ्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. डॅशबोर्डवर १८.६ दिसत असे, पण तो आकडा गाडीतला संगणक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोंडे, किती वेळ उघडे राहिले यावरून अंदाजाने काढतो आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक गाड्यांत तो थोडा खुशामतीचाच असतो.

भाऊजींचे गणित मला पटत नव्हते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे मिश्रण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेले, तर लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. वीसचे पंधरा होणे म्हणजे तब्बल पंचवीस टक्क्यांची घट. तेव्हा दोष एकतर त्यांच्या गाडीत होता किंवा मोजणीत, पण हे बोलून दाखवण्याआधी स्वतःची गाडी मोजणे भाग होते, आणि साडेतीन टक्के पकडायचे असतील तर मोजमाप त्याहून बारीक हवे, हेही उघड होते.

मोजण्याची रीत सर्वांना ठाऊक असते. टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, गाडी चालवायची, पुन्हा टाकी भरायची आणि मधल्या अंतराला दुसऱ्या वेळी लागलेल्या लिटरांनी भागायचे. नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा मीटरवर २३,४१८ किलोमीटर होते. नोझल एकदा बंद पडल्यावर पंपावरच्या मुलाने इंदुरी रिवाजाप्रमाणे विचारले, "भिया, राउंड कर दूँ?" मी मान हलवली आणि त्याने रुपये पूर्ण होईपर्यंत थेंब थेंब करत बरेच पेट्रोल आत घातले. पुढच्या खेपेला दुसऱ्या पंपावर भरधाव वाहणारे नोझल चटकन बंद पडले आणि मागे रांग असल्यामुळे मुलाने तिथेच थांबवले. अंतर २७२ किलोमीटर आणि पेट्रोल १२.८ लिटर, म्हणजे ॲव्हरेज २१.२५. मी खूश झालो. तिसऱ्या वेळी पुन्हा राउंड फिगर झाली, २४१ किलोमीटरला १६.९ लिटर लागले आणि ॲव्हरेज १४.२६ वर कोसळले. त्याच रस्त्यांवर, त्याच चालकाच्या हाताखाली, दोन आठवड्यांत गाडी इतकी बदलली असेल यावर विश्वास ठेवणे अवघड होते.

दोन्ही वेड्या आकड्यांचे अंतर आणि लिटर मी स्वतंत्रपणे बेरजेला घेतले, तेव्हा ५१३ किलोमीटरला २९.७ लिटर, म्हणजे १७.२७ असा शहाणा आकडा निघाला. मधल्या वेळी टाकी जितकी कमी भरली गेली होती, तितके पेट्रोल पुढच्या खेपेच्या खात्यावर चढले होते. चूक गाडीत नव्हती, टाकी 'भरली' असे म्हणण्याच्या व्याख्येत होती. टाकी किती भरावी याला फारसे महत्त्व नाही, ती दर वेळी त्याच रेघेपर्यंत भरली पाहिजे, एवढेच.

इथे मला बाबांची डायरी आठवली. त्यांच्या बजाज चेतकला रिझर्व्हची कळ होती. रिझर्व्ह लागले की ते किलोमीटर लिहीत, मोजून पाच लिटर भरत आणि पुन्हा रिझर्व्ह लागण्याची वाट पाहत. त्यांची रेघ टाकीच्या तळाशी होती आणि ती नळीच्या उंचीने ठरलेली असल्यामुळे कोणाच्या राउंड फिगरने हलत नसे. आजच्या गाडीत तसे करता येत नाही, कारण टाकीतला विजेचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि टाकी वारंवार कोरडी होऊ दिली तर तो जळण्याची भीती असते. त्यामुळे माझ्यापुढे वरची रेघ शोधण्याखेरीज मार्ग नव्हता.

ती रेघ म्हणजे नोझलचा पहिला कट. नोझलच्या टोकाशी आतल्या बाजूला एक बारीक छिद्र असते आणि पेट्रोल वाहत असताना त्यातून सतत हवा ओढली जाते. टाकीतले पेट्रोल चढून छिद्र बुडाले की हवा अडते, आतला दाब घटतो, पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. याचा अर्थ असा की, टाकी भरली आहे की नाही हे नोझलला कळत नाही. आपले टोक ओले झाले, इतकेच त्याला कळते. पेट्रोल जोरात सोडले तर फेस येतो आणि तो फेस छिद्राला लागला तरी कट होतो. नोझल भोकात किती खोल बसवले आहे आणि गाडी कोणत्या बाजूला कलली आहे, यावरही कट पुढेमागे होतो. कट झाल्यावर आणखी पेट्रोल कोंबणे हे तर मोजमापाबरोबर गाडीलाही वाईट, कारण टाकीच्या वरच्या भागातली वाफ कोळशाचे दाणे भरलेल्या एका डब्यात जाऊन अडते, आणि तिथे वाफेऐवजी द्रव पेट्रोल पोहोचले तर तो डबा निकामी होऊ शकतो.

मग मी घराजवळचा एक पंप ठरवला आणि रविवारी सकाळी सातला, गर्दी नसताना तिथे जाऊ लागलो. सकाळी थंड पेट्रोल घट्ट असते म्हणून जास्त मिळते, असे आमच्याकडे अनेकजण सांगतात. पण पंपाची टाकी जमिनीखाली असल्यामुळे तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही, आणि माझे कारण केवळ रांग नसणे हे होते. बाबांच्या हत्यारांच्या पेटीत आजोबांच्या काळची लाकडी पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी पट्टी, होती. ती मी गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर आडवी ठेवून पाहिली. पंपावरची फरशी पाणी वाहून जावे म्हणून गटाराकडे उतरती केलेली असते, त्यामुळे बाहेरच्या मशीनपाशी बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला. आतल्या मशीनच्या उजव्या अंगाला, पुढचे चाक फरशीतल्या एका तडकलेल्या लादीवर आणले की तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबत असे. पंपावरची दोन मुले हातातले काम टाकून हे पाहत उभी होती. त्यांतल्या एकाने गाडीत काही बिघाड आहे का, असे आपुलकीने विचारले.

त्यालाच मी माझी रीत समजावली. नोझल पूर्ण आत सरकवायचे, खटका सर्वांत हळू वाहणाऱ्या खाचेवर अडकवायचा, हात काढून घ्यायचा आणि पहिला कट झाला की नोझल बाहेर. रक्कम १,८३७ रुपये आणि वर काही पैसे अशी ओबडधोबड आली तरी चालेल, फोनवरून पैसे देताना सुट्या पैशांचीही अडचण नसते, हे पटवायला मात्र तीन रविवार लागले. सवयीने त्याचा अंगठा खटक्याकडे जाई आणि मला "बस, बस" म्हणावे लागे. पावतीवरचे लिटर दोन दशांशांपर्यंत त्याच वेळी वहीत उतरवण्याची सवयही मी लावून घेतली, कारण त्या कागदावरची शाई उन्हाळ्यात दोन महिन्यांत उडून जाते.

पंपाचे माप तपासण्याचा हक्क ग्राहकाला असतो. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो. मी एकदा ते मागून पाहिले. पेट्रोल रेघेपाशीच होते. खरे तर तुलनेसाठी मला त्याची गरज नव्हती, कारण पंप दर वेळी तेवढाच कमी देत असेल तर फरक दोन्ही बाजूंनी सारखाच राहतो. किलोमीटरच्या मीटरचेही तसेच आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर मैलाच्या दगडांशी ताडून पाहिले तेव्हा ४० किलोमीटरला माझ्या मीटरने ४०.५ दाखवले. टायर झिजत जातात तसा हा फरक वाढतो, एवढे मी वहीत टिपून ठेवले.

मध्ये एकदा आम्ही महूवरून जाम दरवाजाच्या घाटाने महेश्वरला गेलो. माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरताना गाडी सुमारे चारशे मीटर खाली येते. जाताना डॅशबोर्ड २३ दाखवत होता आणि परतीच्या चढावर १६. महेश्वरमध्ये टाकी भरली असती, तर दोन्ही खेपांचे आकडे फुकट गेले असते. म्हणून नर्मदेच्या घाटावरून परतताना पेट्रोल अर्ध्याहून खाली गेले असूनही मी इंदूरपर्यंत दम धरला. बायकोला हे पसंत पडले नाही.

आता वहीत आठ खेपा झाल्या आहेत. सुट्या खेपांचे आकडे १६.८ ते १८.१ असे हलतात आणि त्यांवर मी फारसा विसंबत नाही. सगळ्या खेपांची बेरीज केली की मधल्या सगळ्या चुका एकमेकींत जिरून जातात आणि उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली चूक. ती ३०० मिलीलिटर धरली, तर १९ लिटरच्या एका खेपेत दीड टक्क्यांहून जास्त होते, पण आठ खेपांच्या १५०.१ लिटरांत फक्त ०.२ टक्के. एकूण अंतर २,६१२ किलोमीटर आणि ॲव्हरेज १७.४.

हे लक्षात आल्यावर मला वाटले की, याच नियमाने जुना आकडाही काढता येईल. सर्व्हिसच्या दोन बिलांवर, एक २०२२ चे आणि एक २०२३ चे, किलोमीटर छापलेले होते आणि मधले अंतर ९,६४० निघाले. त्या काळात पेट्रोलमध्ये इथेनॉल साधारण दहा टक्के किंवा थोडे अधिक होते. मधल्या भरण्या कितीही राउंड फिगरच्या असल्या तरी बेरजेत बिघडत नाहीत. फोनवरून दिलेल्या रकमांना तेव्हाच्या दराने भागले, तर ५१२ लिटर आले आणि ॲव्हरेज १८.८३. मी भाऊजींना फोन करणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, ओंकारेश्वरला जाताना आपण रोख दिले होते ना? आणि ग्वाल्हेरच्या लग्नाला?" रोख किती वेळा दिले हे दोघांनाही नीट आठवेना. हजार हजारांच्या तीन खेपा धरल्या, तर आणखी २७ लिटर होतात आणि ॲव्हरेज १७.८८ वर येते. म्हणजे घट पावणेतीन टक्के तरी आहे किंवा साडेसात तरी. त्या ग्वाल्हेरच्या प्रवासात गाडी कोण चालवत होते आणि पेट्रोलचे पैसे कोणी दिले, हे विचारायला मी आता मामेभावाला फोन लावणार आहे.