आमची वाटचाल : ठासणीच्या बंदुकीपासून पॉइंट टू-टूपर्यंत

आजोबांच्या काळात आमच्या बंदुकांच्या दुकानात पिस्तूल क्वचितच यायचं. यायच्या त्या बारा बोअरच्या आणि ठासणीच्या बंदुका. राधानगरी, चंदगडकडचे शेतकरी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढायचे आणि पावसाळा सरला की गंजलेली नळी घेऊन कोल्हापूर गाठायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं शौकीन गिऱ्हाईक संपलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान तगवलं ते दुरुस्तीवर. दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गिऱ्हाइकाचा परवाना बघून रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय हत्यार आमच्या बाकावर चढत नाही.

मग कोल्हापूरची पोरं नेमबाजीत नाव काढू लागली. राही सरनोबतनं २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चँगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. त्यानंतर कधीतरी एका मुलीचे वडील परदेशी बनावटीचं नवंकोरं .२२ (पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीचं) पिस्तूल घेऊन दुकानात आले. चेहरा असा, की जणू घरातलं आजारी माणूसच दाखवायला आणलंय. दोन-तीन मॅगझीन (काडतुसं भरायच्या पेट्या) झाली की एकदा तरी अडकायचं. कधी रिकामी पुंगळी, म्हणजे बार झाल्यावर उरलेलं काडतुसाचं कवच, बाहेर पडायच्या खिडकीतच उभी राहायची, कधी पुढचं काडतूस चेंबरात, नळीच्या मागच्या घरात, चढायचंच नाही.

मी नवा होतो, हात शिवशिवत होते. या पिस्तुलात स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, नळीशी जखडणारं कुलूप नसतं; बार उडाला की पुंगळीच स्लाइडला मागं ढकलते, आणि तिला आवरतं ते स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग. स्पर्धेचं काडतूस मुद्दाम सौम्य केलेलं, गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. जोर असा शिलकीत नसतोच. मला वाटलं स्प्रिंगच कडक आहे. दोन वेटोळी कापली.

पुंगळ्या झकास उडायला लागल्या. मी खूश! पण आता पुढं येताना स्लाइड केसभर अलीकडं थांबायला लागली, आणि चाप ओढला की नुसतं ‘टक्’. बार नाहीच. स्प्रिंग बाहेरून मागवावी लागली, माझ्या खर्चानं. ती यायला अडीच महिने गेले, त्यात मुलीची एक स्पर्धा बुडाली. आण्णा एवढंच म्हणाले, “कापल्यालं परत चिकटत न्हाई.”

स्प्रिंग येईपर्यंत डोकं थंड झालं होतं. पिस्तूल उघडून पाहिलं तर कारखान्यातून निघताना गंजू नये म्हणून चोपडलेलं घट्ट ग्रीस स्लाइडच्या खाचांत तसंच होतं. ते पुसून पातळ तेलाचा हात दिला. मग मॅगझीनवर खडूनं १ आणि २ लिहिलं. एक नंबर बिनतक्रार चालला. दोन नंबर दर वेळी तिसऱ्या काडतुसाला अडला.

.२२ च्या काडतुसाच्या बुडाला कड असते. मॅगझीनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढं बसली पाहिजे, मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. दोन नंबर मुलगी स्वतः भरायची : मॅगझीनचं बटण पार खाली दाबून पाचही काडतुसं आत सोडून द्यायची. एक नंबर तिचे बाबा भरायचे, एकेक करून. मॅगझीनमध्ये काहीच बिघाड नव्हता!

तेव्हापासून नव्या पिस्तुलाबरोबर आम्ही शंभर पानी वही देतो. तारीख, काडतुसाचा लॉट, मॅगझीन नंबर, कितवा बार, काय झालं. पहिले ३०० बार एकाच लॉटचे, आणि तोवर कानस, पॉलिश, काही नाही. बदल करायचा तर एका वेळी एकच. रेंजवर चाप मालकानंच ओढायचा. मी मागं उभा राहून पुंगळ्या कुठं पडतात ते बघतो. पायाशी पडत असतील तर स्लाइड पुरती मागं जात नाही. मग आधी मनगट सैल आहे का बघायचं, पिस्तूल नंतर.

सामन्यात हे सगळं महागात पडतं. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात ६० बार. त्यातल्या शेवटच्या ३० ना दर बाराला लक्ष्य तीनच सेकंद समोर येतं. अडकलं तर पिस्तूल तसंच धरून, काही खटपट न करता, मोकळ्या हातानं अधिकाऱ्याला खुणवायचं. दोष यंत्राचा निघाला तर पुन्हा संधी, तुमचा निघाला तर न झाडलेले बार शून्य. कड अडकलेली असेल तर अधिकारी ते कुणाच्या खात्यावर टाकेल, ते मी सांगत बसत नाही.

दुसरं दुखणं कोरड्या, म्हणजे काडतुसाशिवायच्या, सरावाचं. रिकाम्या चेंबरवर तसाच चाप ओढत राहिलं तर काही पिस्तुलांत काडतूस पेटवणारी पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथं खळगा पडतो आणि पुंगळी निघताना धरते. आणि तिसरं आपल्या इकडचं, जुलैचं. फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवून गावाला गेलात तर फोम ओल धरून बसतो, आणि परत येईपर्यंत तांबूस ठिपके.

आज दुकानात मी, एक कारागीर आणि रजिस्टर सांभाळणारी बहीण. बारा बोअर अजून येतात, पण बाकावर निम्मं काम नेमबाजांचंच. सध्या एक नवं पिस्तूल आलंय. वहीत १४० बार, सहा अडथळे, सहाही सकाळच्या पहिल्या दहा बारांत. कारागिराला स्प्रिंगचा संशय आहे. मला तेलाचा. शनिवारी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर जाऊन बघणार आहोत.