पाहिलेला कडा, ऐकलेल्या लाटा

गेल्या रविवारी पनवेल खाडीच्या काठी बसून बेलापूर किल्ल्याच्या टेकडीचे पेन्सिलीने रेखाटन केले. घरी येऊन ते फोटोशी ताडून पाहिले, तेव्हा कागदावरची टेकडी जवळजवळ दुप्पट उंच झालेली दिसली. खालून पाहणाऱ्याचा हात उंचीला झुकते माप देतो, हे मान्य करूनच मी ब्रिटिश चित्रकार विल्यम सिम्प्सनची क्रिमियन युद्धातील (१८५३-५६, रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान) चित्रे पुन्हा उघडली.

त्यांतले क्रिमियातले बालाक्लाव्हा बंदर म्हणजे डोंगरांत शिरलेली अरुंद, वळणदार खाडी. आतल्या धक्क्यावरून समुद्र दिसत नाही. मुखाजवळच्या भूशिरावर इटलीतल्या जिनोव्हाच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्याचे पडके बुरूज तेवढे नजरेत भरतात. १८५४ च्या सप्टेंबरात ब्रिटिशांनी हे बंदर रसदीसाठी घेतले आणि एवढ्याशा जागेत डोलकाठ्यांचे रान माजले.

आत जागा न मिळालेली जहाजे बाहेर, कड्यांच्या पायथ्याशी उभी होती. तिथे पाणी अगदी कड्यापर्यंत खोल. १४ नोव्हेंबरच्या वादळात त्यांतली बरीच खडकांवर आपटून फुटली. ‘प्रिन्स’ ही आगबोट तर सैन्याच्या हिवाळी कपड्यांसकट बुडाली, आणि तो हिवाळा सैनिकांनी थंडीत कुडकुडत काढला.

सिम्प्सन तिथे पोहोचला तो वादळ ओसरल्यावर. तरीही त्याच्या संचात त्या वादळाचे चित्र आहे. मला ते खोटे वाटत नाही, पण त्याचे दोन भाग वेगळे वाचावे लागतात: कडा त्याने स्वतः पाहिलेला आहे, लाटा मात्र ऐकलेल्या. शिवाय त्याची जलरंगातली चित्रे लंडनला गेल्यावर ती छपाईच्या दगडावर उतरवली दुसऱ्याच कलावंतांनी, आणि १८५५-५६ मध्ये छापून विकली कोलनागी या पेढीने. त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांत तर आणखी हात लागत, कारण तिथे चित्रे लाकडावर कोरून छापत. बॉक्सवुडचे लाकूड मोठ्या आकारात मिळत नसल्यामुळे लहान ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा बनवीत आणि घाई असली की प्रत्येक तुकडा वेगळ्या कोरक्याकडे देत. त्यामुळे काही छापांत आकाशातून किंवा पाण्यातून केसासारखी पांढरी सरळ रेघ गेलेली दिसते. तो सांधा. अशी रेघ सापडली की मला, खरे सांगायचे तर, मूळ चित्रापेक्षा जास्त आनंद होतो.

वादळाचे ते चित्र मी आमच्या गावठाणातल्या एका कोळी काकांना मोबाइलवर दाखवले. त्यांनी लाटांकडे पाहिलेही नाही. दोन बोटांनी कडा मोठा केला, त्याचा पायथा थेट पाण्यात उतरलेला पाहिला आणि म्हणाले, “इथे नांगर टाकलाच कशाला? धरणार कुठे तो?”