लाउटरब्रुनेन: ल्युट्शिनं नदीच्या काठाने

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला आलेली आपली बहुतेक मंडळी युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला, जाता-येता लाउटरब्रुनेनला फक्त गाडी बदलतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एक अख्खा दिवस या दरीसाठी आणि तिच्यातून वाहणाऱ्या वाइसं ल्युट्शिनं या छोट्या नदीसाठी राखून ठेवा.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनहून गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. चढताना डब्यावरची पाटी नक्की वाचा. वाटेत त्स्वायल्युट्शिनेनला गाडीचे दोन भाग होतात आणि दुसरा भाग ग्रिंडेलवाल्डला जातो.

गावातल्या चर्चपाशी आलं की श्टाउबबाख धबधबा समोर येतो. २९७ मीटरच्या कड्यावरून निघालेली धार खाली येईपर्यंत नुसते तुषार होऊन जाते, आणि वारा सुटला की तो पांढरा पट्टा सरळ बाजूला सरकतो. तिथून पुढची वाट जवळजवळ सपाट, आई-बाबांनाही जमेल अशी. सोबतीला नदी. हिमनद्यांनी घासलेल्या खडकाची पूड मिसळून पाणी दुधाळ करडं झालेलं असतं.

पाऊण तासावर ट्र्युमेलबाखचे धबधबे. माझ्या मते दरीतलं सर्वांत थरारक ठिकाण हेच. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी हा एक ओढा डोंगराच्या पोटातून खाली आणतो. ऐन भरात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत! बोगद्यातल्या लिफ्टने वर जायचं आणि पायऱ्यांनी एकेक धबधबा बघत फिरायचं. कानाशी ओरडल्याशिवाय शेजारच्याला काही ऐकू येत नाही. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा पकड असलेले बूट हवेत, आणि जुलैतही रेनकोट लागतो. हिवाळ्यात हे बंद असतं. ४ वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, त्यामुळे लेकुरवाळ्यांनी आधीच ठरवून घ्यावं.

पुढे श्टेखेलबर्गच्या अलीकडून केबल कारने म्युरेनला (१,६३८ मीटर) जा. गावात मोटारी नाहीत, आणि दरीपलीकडे तिन्ही शिखरं उभी. वरची हॉटेलं महाग आहेत. दशम्या-चटणी सोबत असली की बाकावर बसून निवांत जेवण होतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या. परतताना छोट्या रेल्वेने ग्र्युत्शआल्प आणि तिथून केबल कारने खाली लाउटरब्रुनेन.

सकाळी आकाश मोकळं असेल तर क्रम उलटा करून म्युरेन आधी उरका, कारण शिखरं ढगात गेली की तिथे काही दिसत नाही. ट्र्युमेलबाख मात्र पावसातही तितकाच बघण्यासारखा आहे.