भूषाच्या काठावर मगर पाहायला जाताना

पहिल्या दिवशी आमचं वेळेचं गणितच चुकलं. पक्षी पाहायची सवय, म्हणून पहाटे चारला धडगावहून निघालो आणि उजाडायच्या आत भूषाला नर्मदेच्या काठावर जाऊन बसलो. जानेवारीचा शेवटचा आठवडा, सातपुड्यातली थंडी, पाण्यावर धुकं. नऊ वाजले तरी समोरचा काठ रिकामाच. होडीवाले काका शेकोटीशी बसून आमची घाई बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, तिला अजून गारठा आहे. ऊन चढू द्या."

काकांचं बरोबर होतं. मगर स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेते. हिवाळ्यात पहाटे हवेपेक्षा पाणी ऊबदार असतं, त्यामुळे ती पाण्यातच थांबते. ऊन चांगलं तापलं की काठावर येऊन पसरते. उन्हाळ्यात हे सगळं उलटतं: सकाळी लवकर थोडा वेळ बाहेर, मग दिवसभर पाण्यात नाहीतर बिळात. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि दहा ते दोन ही वेळ मगरीसाठी राखून ठेवा. पहाटे मस्त झोपा.

मी शहाद्याला शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना 'सरपटणारे प्राणी' हा धडा बारा वर्षं शिकवतोय, पण मोकळी मगर मीही पाहिली नव्हती. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. आता वाहते म्हणणंही खरं नाही. सरदार सरोवर धरणाचं पाणी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत चढतं आणि इथली नदी म्हणजे डोंगरांच्या मध्ये उभं राहिलेलं पाणी झालं आहे. जुने वाळूचे पट्टे त्याखाली गेले. काठ दगडी, उभे. मगरीला बसायला लागते ती सपाट, मऊ जागा फक्त तिथेच उरलेली दिसते, जिथे एखादा नाला येऊन मिळतो आणि गाळ साचतो. म्हणून काठभर दुर्बीण फिरवू नका. नाल्यांची तोंडं धरा.

जायचा रस्ता सोपा नाही. शहाद्याहून किंवा तळोद्याहून धडगाव गाठायचं (तळोद्याकडून येताना चांदसैलीचा घाट लागतो, पावसाळ्यात तो टाळा) आणि तिथून भूषा. पेट्रोल धडगावलाच भरा, रोख पैसे जवळ ठेवा, पुढे फोन लागेलच असं नाही. होडीत बसताना लाइफ जॅकेट मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही चार जॅकेटं घरून नेली होती. जेवण धडगावातून बांधून न्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ती दिसली. होडी बंद करून आम्ही जवळपास दोनशे मीटरवर थांबलो होतो. आधी वाटलं, वाहून आलेलं लाकूड आहे. मग त्या लाकडाचा जबडा हळूहळू उघडला आणि तसाच उघडा राहिला. आमच्यातला एकजण घाबरून म्हणाला, "रागावली का?" नाही. अंग तापलं की मगर तोंड उघडं ठेवून डोकं थंड ठेवते. साधारण आठ-नऊ फुटांची असावी. रुंद, बोथट तोंड. गोड्या पाण्यातल्या या मगरीची ती पक्की खूण आहे. सुसरीचं तोंड लांब, चिंचोळं असतं. गावाकडे दोघींनाही कधी मगर, कधी सुसर म्हणतात. पण माणसाशी गाठ पडते ती मगरीची, सुसर मुख्यतः मासे खाते. वीस मिनिटं आम्ही श्वास धरून बसलो. शेजारी एक बगळा निवांत चालत होता. नंतर दुसरी होडी मोटार लावून आली आणि मगर पाण्यात शिरली. इतकं मोठं जनावर, पण पाण्यावर एवढासा तरंगही उठला नाही.

ती गेल्यावरही काकांनी आम्हाला त्या गाळावर उतरू दिलं नाही. दुपारी, पलीकडच्या मोकळ्या काठावर, एक जुना माग त्यांनी दाखवला. मधोमध शेपटी ओढल्याची सलग रेघ, दोन्ही बाजूंना पंजे: पुढच्या पायाची पाच बोटं, मागच्याची चार. थोड्या अंतरावर वाळून पांढरी झालेली विष्ठा होती, काडीने मोडली तर आत केस. हाड एकही नाही. मगरीच्या पोटातलं आम्ल हाडं विरघळवून टाकतं, केस आणि खवले मात्र तसेच बाहेर पडतात. अभ्यासक याच केसांवरून तिने काय खाल्लं ते ओळखतात.

मगरीवरचं संशोधन आपल्याकडे फार जुनं नाही. १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला, तेव्हा कातड्यासाठीच्या शिकारीने मगर, सुसर आणि खाऱ्या पाण्यातली मगर तिन्ही संपत आल्या होत्या. १९७६ मध्ये रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी मद्रास क्रोकोडाइल बँक हे मगरी जपण्याचं केंद्र उभं केलं. तिथल्याच मगरींवरून १९८९ मध्ये एक विलक्षण गोष्ट सिद्ध झाली: पिल्लू नर की मादी, हे अंड्याभोवतीचं तापमान ठरवतं. २८ ते ३१ अंशांत उबवलेल्या अंड्यांतून सगळ्या माद्या आल्या, ३२.५ अंशांना नर. दीड अंशाचा फरक! मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी, पावसाच्या आधी, पिल्लं बाहेर येतात. ती आतून आवाज देतात, मग आई माती उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. त्या माग दाखवलेल्या काठावर मी दुपारी कोपरापर्यंत हात खुपसून पाहिला होता. वरची माती चटके देत होती, आतली गार लागली. त्या हातभर मातीत पुढची पिढी ठरते, म्हणून फेब्रुवारीपासून काठाच्या मऊ जागांवर पाऊल ठेवू नका, तंबू तर मुळीच ठोकू नका. घरट्याला धक्का लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

काठावरच्या बायांशी बोलल्यावर मात्र माझ्या उत्साहाला लगाम बसला. त्यांना रोज याच पाण्यावर हंडा भरायचा आहे, गुरं पाजायची आहेत. मगर पकडून लांब सोडून द्या, असं एक मावशी म्हणाल्या आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. पण ते चालत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या तीन मगरींना हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलं होतं. तिघी आपापल्या जागी परतल्या, एक तर चारशेहून जास्त किलोमीटर पोहून वीस दिवसांत. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि याच सरोवराच्या गुजरातकडच्या टोकाला, केवडियाच्या तलावांतून, २०१९ मध्ये सी-प्लेनसाठी (पाण्यावर उतरणाऱ्या विमानासाठी) मगरी पिंजऱ्यांत घालून हलवायला सुरुवात झाली, ते आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिलंच. जागा रिकामी झाली तरी पाणी तेच राहतं, दुसरी मगर येते.

मला त्यापेक्षा श्रीलंकेतली रीत पटते. तिथे नदीच्या घाटावर पाण्यातच खांबांचं कुंपण घालतात, त्याला 'किंबुल कोटुवा' म्हणतात. त्याच्या आत माणसं आंघोळ करतात, मगर बाहेर. नर्मदेचं पाणी वर्षभर चढतं-उतरतं, त्यामुळे कुंपण सरकवता यायला हवं, पण बांबू आणि कसबी हात या डोंगरात दोन्ही आहेत. मावशींना मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि गुरांना?" त्यांचा घाट वेगळा लागेल.

तोवर जाणाऱ्यांनी एवढं पाळा. पाण्याकडे पाठ करून वाकू नका, मगर काठालगतच दबा धरते. मासे काठावर साफ करू नका, आतडी पाण्यात टाकू नका. अंधार पडल्यावर पाण्याजवळ थांबू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि अभ्यासक त्यावरून मोजणी करतात, पण ते काम वनखात्याच्या परवानगीचं. ड्रोन उडवू नका. जवळ न्यायला होडीवाल्याला जास्त पैसे देऊ नका.

फोटो मात्र नक्की काढा, तोंडाचे कमी आणि पाठी-शेपटीचे जास्त. अहमदाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी गुजरातमधल्या मगरींचे ड्रोनने फोटो काढून पाठीवरच्या खवल्यांच्या मांडणीवरून एकेक मगर संगणकाला ओळखायला शिकवलं. आमच्या फोटोत तिच्या शेपटीचा डावीकडचा एक उभा खवला अर्धा तुटलेला दिसतो. काकांना दाखवला, तर ते स्क्रीन बोटांनी मोठी करून बराच वेळ बघत राहिले. "हीच ती, पावसाळ्यात शाळेखालच्या नाल्यात होती," म्हणाले. त्यांनी प्रिंट मागितली आहे, होडीत लावायला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी घेऊन जातोय.