एक कोंबडी, दोन घड्याळं

जपानमधल्या याकितोरीच्या, म्हणजे काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात जेवण दोन घड्याळांवर चालतं. काडीवरचं मांस पाच-सात मिनिटांत भाजून होतं आणि ते खायला माणसं दोन तास बसतात. शेवटी येणाऱ्या रामेनचा, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचा, रस्सा सकाळपासून सहा-सात तास रटरटलेला असतो आणि तो मात्र आठ-दहा मिनिटांत संपवायचा. उशीर केला तर नूडल्स फुगतात, आणि त्याचा दोष आचाऱ्याला देता येत नाही.

रात्रीच्या या शेवटच्या पदार्थाला जपानीत ‘शिमे’ म्हणतात. शिमे म्हणजे आवळून बांधणं, मिटवणं. ज्या दुकानात काड्या आणि कोंबडीचं रामेन दोन्ही मिळतं, तिथे ही गाठ एकाच पक्ष्याची असते. तंगडी, कलेजी, पेटा, मानेची चिंचोळी पट्टी निखाऱ्यावर जाते. सांगाडा, पाठ आणि पंजे पातेल्यात. पंजांना तिथले आचारी ‘मोमिजी’ म्हणतात, म्हणजे मेपलचं पान. आकार पाहिला की पटतं, पण कोंबडीच्या पायाला इतकं देखणं नाव मिळालेलं दुसरीकडे क्वचितच आढळेल.

‘कुशिउची सान्नेन, याकी इश्शो’ अशी त्यांच्याकडे म्हण आहे. काडी ओवायला शिकायची तर तीन वर्षं, भाजायला शिकायचं तर जन्म. तीन वर्षं हा आकडा फुगवलेला वाटेल, पण काडी नीट ओवली नसेल तर पुढचा जन्मभराचा अनुभवही कामाला येत नाही. मांडीचं मांस दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून घेतात, एका काडीवर साधारण ३० ते ४० ग्रॅम. काडी मांसाच्या धाग्यांना आडवी घालायची. धाग्यांच्या दिशेने घातली तर मांस शिजताना चिरतं आणि सरळ निखाऱ्यात पडतं. तुकडे एकमेकांना टेकलेले हवेत. मध्ये फट राहिली की तिथला बांबू आधी जळतो आणि काडी उलटवताना हातात मोडते. सगळ्या तुकड्यांची उंचीही सारखी लागते, कारण वर आलेला एखादा कोपरा करपेपर्यंत बाकीचे कच्चेच असतात. टोकाकडचा तुकडा थोडा मोठा ठेवतात, म्हणजे पहिला घास भरघोस मिळतो. काडीची मूठ चपटी असते तीही उगाच नाही. गोल काडी मांसाच्या वजनाने आपोआप गिरकी घेते, चपटी जशी ठेवू तशी राहते. घरी करणारे काड्या तासभर पाण्यात भिजवतात. फटी नसतील आणि मूठ आगीबाहेर असेल तर त्या भिजवण्याने फारसा फरक पडत नाही.

शेगडी लांबट आणि अरुंद, आणि तिच्यावर जाळी नसते. काडीची दोन टोकं दोन कडांवर टेकतात आणि मांस अधांतरी राहतं. तापलेल्या जाळीला कातडी चिकटते आणि उलटवताना जाळीवरच राहते, म्हणून ही सोय. कोळसा चांगल्या दुकानात ‘बिंचोतान’. वाकायामा भागात उबामे जातीच्या ओकपासून तो करतात. भट्टीत शेवटी हवा सोडून उष्णता हजार अंशांच्या घरात नेतात, धगधगता कोळसा बाहेर ओढतात आणि ओलसर राख-मातीने झाकून विझवतात. त्या राखेमुळे तो पांढुरका दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर कोळशाचा नाही, धातूचा टणत्कार येतो. तो पेटायला अर्धा तास सहज घेतो, ओल धरलेला असेल तर फटाक्यासारखा उडतो, आणि महाग तर आहेच. पण एकदा धरला की तासन्‌तास ज्वाळेशिवाय, जवळजवळ धुराशिवाय एकसारखी आच देतो. मांसाची बाहेरची बाजू पटकन भाजली जाते आणि आतलं मांस कोरडं पडायला वेळ मिळत नाही.

भाजणाऱ्याच्या हातातला पंखा केवळ कोळसा फुलवण्यासाठी नसतो. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर टपकली की धूर उठतो, त्या धुरातच याकितोरीचा वास आहे. त्याच चरबीने ज्वाळा धरली तर मात्र मांसावर काजळी बसते आणि चव कडवट होते. धूर हवा, ज्वाळा नको, एवढं साधं गणित. पण एका वेळी पंधरा काड्या शेगडीवर असतात आणि प्रत्येकीची चरबी आपल्या सोयीने टपकते. पंख्याचा एक वारा निखाऱ्याला, दुसरा ज्वाळेला. ज्या दुकानात पंखा भिंतीला टांगलेलाच दिसतो, तिथे काड्या मोजक्याच मागवाव्यात.

मागवताना विचारतात: ‘शिओ’ की ‘तारे’? मीठ की सॉस? मीठ हातभर उंचावरून भुरभुरतात, म्हणजे ते एका जागी साचत नाही. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू, साके ही पिण्याची तांदळाची दारू आणि साखर आटवून केलेला काळा पाक. भाजत आलेली काडी त्या मडक्यात बुडवतात, पुन्हा आगीवर धरतात, पुन्हा बुडवतात, दोन-तीनदा. सुरुवातीलाच बुडवली तर साखर आधी करपते आणि आत मांस गुलाबी राहतं; नवशिक्याची ही पहिली चूक. मडकं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, नवा तारे जुन्यात ओतत राहतात. प्रत्येक काडीबरोबर थोडा रस, थोडी चरबी त्यात उतरते. विरजणासारखाच प्रकार, फक्त इथे काही आंबत नाही.

सुरुवात मिठाच्या काड्यांनी करावी, तारेच्या नंतर. उलट केलं तर गोड-खारट पाकानंतर सासामीसारखं नाजूक मांस पांचट लागतं. सासामी म्हणजे छातीच्या आतली पट्टी. ती जेमतेम शिजवून वर वासाबी या झणझणीत हिरव्या लगद्याचं बोट लावतात. (काही दुकानांत ती आतून कच्चीच असते. कोंबडी मध्यापर्यंत ७५ अंशांवर एक मिनिट शिजावी असा तिथल्या सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे, आणि कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आचाऱ्याच्या नावलौकिकाला घाबरत नाही. पूर्ण शिजवून द्या म्हणून सांगण्यात कमीपणा नाही.) नेगिमा ही मांडीचं मांस आणि जाड कांद्याची पात आलटून-पालटून ओवलेली काडी; पातीतला गरम रस जीभ पोळवतो, म्हणून तिला अर्धं मिनिट द्यावं. कलेजीची गोष्ट नेमकी उलटी. गरम आहे तोवरच ती मऊ, नाहीतर खडूसारखी भुसभुशीत. म्हणून तिला तारे हवा आणि खाणारा तयार हवा. पेट्याला मात्र कुणीच बिघडवू शकत नाही. मीठ, आच, कुर्रकन चावा, झालं. कातडीचं नेमकं वाकडं: वरून कुरकुरीत दिसते आणि आत चरबी तशीच. आधी उकळत्या पाण्यातून काढून, घड्या घालून, मंद कडेवर सावकाश भाजली तर ठीक. फुकुओकामध्ये मानेची कातडी काडीभोवती गुंडाळून, भाजून, मुरवून, पुन्हा भाजून हे काम काही दिवस चालवतात.

खिम्याच्या गोळ्याला ‘त्सुकुने’ म्हणतात. तो काडीवरून गळाला तर समजावं की खिमा मीठ घालून पुरेसा मळलेला नाही. तारा सुटेल इतका चिकट होईपर्यंत मळावा लागतो. त्यात कुर्च्याचे बारीक तुकडे घातले तर दाताला खेळ मिळतो.

एका कोंबडीला हृदय एक, पेटा एक, शेपटीचा तो चरबीदार गड्डा, ‘बोंजिरी’, तोही एकच. हृदयांची एक काडी भरायला चार-पाच कोंबड्या लागतात. त्यामुळे ‘हात्सु’ (हृदयांची काडी) आणि ‘बोंजिरी’ रात्री आठ-साडेआठला संपलेले असतात, आणि अंडाशयातल्या अर्धवट वाढलेल्या पिवळ्या बलकाची कंदिलासारखी लोंबणारी ‘चोचिन’ काडी तर बऱ्याच ठिकाणी फलकावरच असते. जे हवं ते आल्याआल्या सांगावं, पण मांडीची काडी शेवटपर्यंत मिळते, तिची घाई नको. आणि होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये याकितोरी मागितली तर समोर डुकराचं मांस, कांदा आणि मोहरी येईल. नावातली ‘तोरी’ म्हणजे पक्षी, पण तिथे पक्ष्याचा पत्ता नसतो.

आता दुसरं घड्याळ.

कोंबडीचा रस्सा दोन तऱ्हांचा. ‘चिंतान’ म्हणजे नितळ: पाणी नव्वद-पंच्याण्णव अंशांवर, नुसतं थरथरणारं, बुडबुडा क्वचित. ‘पाइतान’ म्हणजे पांढरा, आणि तो हवा असेल तर उलट, खदखदा उकळायचा. आपल्याकडे कोल्हापुरी पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने पांढरा होतो; पाइतानमध्ये दुधाचा थेंब नसतो. पंजे, कातडी आणि सांध्यांतलं कोलॅजन तासन्‌तासांच्या उष्णतेने जिलेटिन होतं, खळबळ चरबीचे बारीक बारीक थेंब फोडते, आणि जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. दुधात मलई विखुरलेली असते तसाच हा पांढरा रंग.

प्रमाण म्हणाल तर दोन किलो सांगाडे, अर्धा किलो पंजे आणि चार-पाच लिटर पाणी. पोकळीला चिकटलेली कलेजी-फुप्फुसं आणि गोठलेलं रक्त आधी नखाने खरवडून धुवायचं. हे टाळलं तर रस्सा राखाडी होतो आणि उग्र वास येतो. पहिल्या उकळीला वर येणारी मळी काढून टाकायची. मग पाच-सहा तास मोठी आच, पाणी आटलं की गरम पाण्याची भर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला मऊ झालेली हाडं लाकडी दांड्याने चेचायची. आलं, लसूण, कांदा शेवटच्या तासात. आधी घातले तर त्यांचा वास उडून जातो आणि गोडवा तेवढा उरतो. खरा धोका अखेरीला. घट्ट झालेल्या रश्शात पंज्यांचा गाळ तळाशी बसतो आणि पाच मिनिटं दुर्लक्ष झालं की लागतो. तळ लागलेला पाइतान कशानेही सुधारत नाही. घरी प्रेशर कुकर वापरला तर जिलेटिन तासा-दीड तासात उतरतं, पण झाकणाच्या आत खळबळ कमी, म्हणून रस्सा पांढरा होत नाही आणि चरबी पिवळी होऊन वर तरंगते. झाकण काढून वीस-तीस मिनिटं मोठ्या आचेवर उकळावा, किंवा गाळून हातमिक्सर फिरवावा.

घट्टपणा मोजायला रामेनची कित्येक दुकानं ब्रिक्स-मापी वापरतात. हो, आपल्याकडे उसाची पक्वता बघायला शेतात रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावतात तेच उपकरण. उसाच्या रसात ते साखर दाखवतं, इथे विरघळलेलं जिलेटिन आणि चरबी. पाइतान आठ-दहाच्या पुढे गेला की ओठ एकमेकांना चिकटू लागतात.

या सगळ्यात मीठ अजून पडलेलंच नाही. रस्सा अळणी असतो. खारटपणा वाडग्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या तारेतून येतो, साधारण ३० मिली. त्यावर चमचाभर कोंबडीची कढवलेली चरबी, मग ३०० मिली उकळता रस्सा. वाडगा आधी गरम पाण्याने तापवलेला हवा. नूडल्सच्या पिठात ‘कान्सुइ’ हा क्षार असतो, म्हणजे मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखाराच्या घरातलाच. पिवळसर रंग आणि चिवट लवचिकपणा त्याचा, अंड्याचा नव्हे. जाडी नंबराने सांगतात: ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून २२ नूडल्स निघाल्या तर २२ नंबर, म्हणजे एक नूडल १.३६ मिलिमीटर. त्या मिनिट-दीड मिनिटात शिजतात. मग झारा दोन-तीनदा जोरात झटकायचा. हा झटका दिखाऊ वाटतो, पण नूडल्सना चिकटून दोन चमचे पाणी वाडग्यात गेलं तर सहा तासांची मेहनत तेवढी पातळ होते.

खाताना सुर्रकन ओढायचं. घासाबरोबर हवा आत जाते, नूडल थोडी निवते आणि वास नाकात चढतो. पहिले दोन घोट नुसत्या रश्शाचे, मग नूडल्स, वरची लिंबाची चकती अर्धा वाडगा झाल्यावर बुडवावी, आधी नाही. टेबलावर सान्शोची डबी असेल तर ती कोंकणातल्या माणसाने ओळखावी: आपलं तिरफळ आणि सान्शो एकाच कुळातले. काड्यांवर, विशेषतः कातडीवर, चिमूटभर सान्शो सुरेख लागतं. रश्शात जपून, कारण जीभ बधिर झाली तर चरबीची चव कळणार कशी?

शाकाहारी माणसाने इथे सावध राहावं. शिशितो मिरची, शिताके अळंबी, गिंको बिया काडीवर मिळतात, पण त्याच निखाऱ्यावर, आणि तारे मागितला तर त्याच मडक्यातून. रामेनच्या तारेत बहुधा सुकी मासळी असते. बिलात न मागवलेल्या वाटीचे काही शे येन दिसतील. ती ‘ओतोशी’, बसण्याची किंमत. वाद घालू नये. रिकाम्या काड्या बांबूच्या नळकांड्यात टाकाव्यात. मांस काडीवरून सोडवून ताटलीत वाटून घेणं आचाऱ्यांना आवडत नाही, कारण इतकं जपून आत राखलेला रस मग ताटलीतच सांडतो.

दुकान बंद होताना निखारे चिमट्याने उचलून झाकणाच्या मडक्यात टाकतात. पाणी ओतत नाहीत. त्याने बिंचोतान तडकून फुटतो. हवा तुटली की तो विझतो आणि उरलेला तुकडा उद्या नवा कोळसा पेटवायला कामी येतो. मागच्या बाजूला उद्याचे सांगाडे थंड पाण्यात भिजत असतात. रक्त उतरून पाणी गुलाबी होतं, ते ओतून देऊन पुन्हा नवं भरतात.